वरून ओतलेलं पाणी

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूनं माझं पदवीचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फायलीतून काढून ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सरकवलं आणि त्या फायलीत रेशनकार्ड ठेवलं. पावसाळ्यात कार्ड भिजतं, असं कारण दिलं. कारण खरं होतं. रॉकेल आणि गहू कार्डावर मिळत होते, माझ्या पदवीवर त्या घरात काहीच मिळत नव्हतं.

मी बी.ए. आहे. जुन्नरच्या अंगाला एका वस्तीवर वाढले. बाप दुसऱ्याच्या कांद्यात राबायचा आणि आई तोच कांदा निवडायला जायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, नुसत्या बायांत नव्हे, बाप्यांतही. निकाल लागला त्या दिवशी बापानं घरोघर साखर वाटली, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्या दारात दुसऱ्यांदा जाऊन वाटली. तो ताठा माझ्यात उतरलाय. तो जावा असं मला कधी वाटलं नाही.

सासर आंबेगाव तालुक्यातलं. कळंबला एसटीतून उतरायचं आणि आत चालत जायचं. गावाबाहेर आमची वस्ती. छप्पन साली आमच्या माणसांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, पण वस्ती होती तिथंच राहिली. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. सासू, सासरे, नवरा, धाकटी नणंद आणि मी. रान होतं म्हणायला. ओढ्याकडेचं, नांगराला दगड लागणारं, बाजरी झाली तर झाली. हापसा उन्हाळ्यात वाळू ओकायचा. नवरा हंगामापुरता शेजारच्या बागायतदाराच्या गुऱ्हाळावर जायचा, गुळाच्या कढईखालच्या चुलवाणात जाळ घालायला. हंगाम संपला की पडवीत बसायचा, आणि मग घरात धान्य कमी पडायला लागलं की बोलणी वाढायची. ती सगळी माझ्या वाट्याला यायची, कारण मी एकटीच परक्या घरची होते.

गुऱ्हाळाची चिमणी आमच्या पडवीतून दिसायची. उसाची चिपाडं जळायची, त्याची काजळी वाऱ्यावर उडायची आणि वारं आमच्याकडे फिरलं की दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. आमच्यात पौर्णिमेला वंदनेसाठी पांढरे कपडे घालतात, लग्नालाही पांढरेच. तेव्हा हंगामात नवरा तिकडे काजळी करायचा आणि मी इकडे ती काढत बसायची. काजळीचा एक नियम आहे. ओल्या कापडावर पडली तर तिला हात लावायचा नाही. कापड वाळू द्यायचं, उलटं धरायचं, झटकायचं, उरलेली फुंकरीनं घालवायची. घासली की ती धाग्यात शिरते आणि कापड जन्माचं राखाडी होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच हंगामात सासऱ्यांचा पांढरा सदरा मी चिडून घासला. सासूनं तो वस्तीभर फिरवला. प्रत्येक दारात थांबून म्हणाली, "आमची बीए बघा. वाचाय येतं, धुवाय येत न्हाई."

तेव्हापासून माझं नाव बीए पडलं.

मला पसंत केलं होतं ते शिकलेली सून हवी म्हणून. मुलगा दहावीला अडकलेला, मग सून तरी मिरवायला. लग्नात सासऱ्यांनी येईल त्याला सांगितलं की आमची सून पदवीधर आहे. पुढे गावातल्या शाळेत शिक्षकाची तात्पुरती जागा निघाली तेव्हा मी जाते म्हटलं. सासू म्हणाली, "मग म्हशीचं श्यान काय मास्तर काढणार?" नवरा हसला आणि विषय संपला.

भाकरी थापताना कड चिरली तर ती भाकरी सासू सगळ्यांसमोर उचलायची आणि दारातल्या कुत्र्यापुढे टाकायची. "खा बाबा. बीएच्या हातची हाय." मग त्या दिवशी माझ्या वाट्याची एक भाकरी कमी. कुत्रं माझ्यावर खूश होतं. त्या घरात तेवढंच.

मीही गप्प बसणारी नव्हते. तोंडानं उत्तर दिलं तर नवरा उठायचा, म्हणून मी भांड्यांनी उत्तर द्यायची. तवा आपटायची, तांब्या आदळायची. सासू बाहेरून मोजल्यासारखी बोलायची, "आपट, आपट. तुझ्या बापानं दिलेली न्हाईत ती." शब्द एकेक करून पाठ झाले होते मला. आज ती काय बोलणार हे सकाळीच कळायचं, आणि तरी ते लागायचं.

मुलगी झाली. मुलगी झाली याचं काय काय ऐकलं ते लिहीत नाही, ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. ती बोलायला लागली, आणि सासू तिला दिवसभर मांडीवर घेऊन बसायची. मला वाटायचं, चला, नातीवर तरी जीव आहे. होताच. एका दुपारी मी ओल्या चिपाडांनी चूल पेटवत होते. धुरानं डोळे गळत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर, मान वाकडी, हुबेहूब आजी. म्हणाली, "ए बीए, पानी दे."

सासू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नवरा जेवत होता, त्याला ठसका लागला हसून. नणंद म्हणाली, परत म्हण गं, परत म्हण. मुलगी परत म्हणाली. मी पाणी दिलं.

सासूची बोलणी मी सोसली असती. ती तिच्याबरोबर मातीत जाणार होती. पण तीच जीभ आता माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडात उगवली होती, आणि ती माझ्यामागे राहणार होती. मला पहिल्यांदा राग आला नाही. भीती वाटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीला टोचायला कळंबला नेलं. तिथं लसी द्यायला एक सिस्टर यायची, नगरकडची, ख्रिस्ती. उंच, खरखरीत आवाजाची, पोरांना गोड न बोलता पटकन सुई मारणारी. मुलीला टोचलं. ती रडली आणि माझ्या तोंडावर चापट मारून म्हणाली, "मर, मेले." सिस्टरनं विचारलं, हे कुठनं शिकली? मी ताठ मानेनं सांगितलं, टीव्हीवरनं.

"तुमच्या वस्तीवर टीव्ही कुणाकडं आहे, बाई?"

कुणाकडेच नव्हता. मला एकदम रडू फुटलं, लायनीतल्या सगळ्या बायांसमोर. सिस्टरनं ना पाठीवर हात ठेवला ना गोड शब्द काढला. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "रडायचं तर तिथं बसून रडा. मला अजून एवढी पोरं टोचायची आहेत." मी त्या खुर्चीत बसले. तासभर मला कुणी ऊठ म्हणालं नाही. लग्नानंतर असा तास मला मिळाला नव्हता.

सगळी पोरं संपल्यावर ती हात धुऊन आली. रविवारी तिच्या खोलीवर चार माणसं प्रार्थनेला बसतात म्हणाली, यायचं तर या, नाही तर खुर्ची रिकामीच आहे.

मी पहिल्यांदा गेले ती देवासाठी गेले नाही. खुर्चीसाठी गेले. नवऱ्याला सांगून गेले, चोरून काही करायची मला सवय नाही. तो म्हणाला, जा, पण वस्तीवर बोभाटा नको. घरात बाजाराचं निमित्त त्यानंच सांगितलं.

खोलीत सिस्टर, एक एसटीचा कंडक्टर, त्याची बायको आणि मुलीला घेऊन मी. रस्त्यावरून ओझरला निघालेल्या भाविकांच्या जीपा जायच्या, त्यांच्या कर्ण्यावरची आरती आत यायची आणि कंडक्टरचं गाणं त्यात बुडायचं. ती गेली की तो तिथूनच पुढं धरायचा. शुभवर्तमान वाचायला मला सांगायचे, कारण मी सफाईनं वाचायची. मी वाचायची आणि भांडायची. दोन बहिणींची गोष्ट आली. येशू घरी आलेला, एक बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसलेली, दुसरी चुलीपाशी एकटी राबतेय आणि तक्रार करतेय. तो बसलेल्या बहिणीची बाजू घेतो. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, हे मला पटत नाही, मग भाकरी कुणी थापल्या?

कंडक्टरची बायको खाली बघून हसायला लागली. सिस्टर म्हणाली, "तिनंच थापल्या असतील. भाकरीबद्दल तो कुठं बोलला? ती भांडी आपटत होती, त्याबद्दल बोलला असेल."

घरी जाईपर्यंत मी त्यावर चिडत होते. दुसऱ्या दिवशी तवा उचलला आणि हात थांबला.

पुढे विहिरीची गोष्ट आली. येशू दमून विहिरीवर बसतो. एक बाई पाण्याला येते. तिच्या लोकांचं भांडं त्याच्या लोकांना चालत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. तिला काही शिकवायच्या, सुधारायच्या आधी तहान लागलीय म्हणून मागतो. ती विचारते, तू माझ्याकडे कसं मागतोस? तिथं मी पुस्तक कंडक्टरपुढे सरकवलं. माझी आजी पंगतीच्या बाहेर ओंजळ धरून बसायची, गावातल्या बाया वरून पाणी ओतायच्या. तिच्या ओंजळीतून ओघळून कोपरापर्यंत आलेलं पाणी आजी परत चाटून घ्यायची, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. तिच्याकडे कुणी पाणी मागितलं नव्हतं. उरलेलं कंडक्टरनं वाचलं. मी त्या दिवसापासून येशूला मानते. माझ्या विश्वासाचं कारण विचारणारे भेटतात, त्यांना एवढंच सांगते. पटलं तर पटलं.

घरी कळलं ते मुलीमुळे. ती पडवीत खेळताना कंडक्टरचं गाणं म्हणायला लागली, येशूचं नाव घेऊन. सासरे बाजेवर बसले होते. त्यांनी दोनदा म्हणून घेतलं आणि मग मला हाक मारली.

सासरे वाईट माणूस नव्हते. कमी बोलायचे, दारू नाही, हात उगारला नाही कधी. त्यांच्या अंगात एकच ताठा होता आणि तो फार मोठा होता. म्हणाले, "माझ्या बापानं घरातलं समदं देव पाटीत घातलं आन घोडनदीत सोडलं. मी बारका व्हतो, पाटीला हात लावाय मीच व्हतो. पाटी रिकामी झाली तवा बाप ताठ हुबा ऱ्हायला. म्हनला, आता कुनाच्या पाया पडायचं न्हाई. आन माझ्या घरात तू हात जोडती?"

मी म्हटलं, मी मूर्ती आणली नाही. ते म्हणाले, मग काय आणलंस? मी म्हटलं, "मामा, तिथं मला कुणी बीए म्हणत नाही."

"म्हंजे एका नावापायी धम्म सोडला."

"तसं समजा."

ते उठून आत गेले. जाताना म्हणाले, तुझ्या हातचं पाणी मला नको. ते रागात बोलले होते, कदाचित दोन दिवसांत विसरलेही असते. पण सासूनं तो शब्द उचलला. दुसऱ्या दिवशी तिनं अडगळीतला एक जर्मलचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला काढला, चेपलेला, आणि न्हाणीजवळच्या भिंतीत खिळा ठोकून त्यावर अडकवला. माझा. माठाला मी हात लावायचा नाही. हापशावरून पाणी मीच आणायचं, पण माठात ओतायचं नणंदेनं. भाकरी मात्र माझ्या हातची चालायची. मला तहान लागली तर कुणीतरी तांब्यातून माझ्या पेल्यात वरून ओतायचं, तांब्या पेल्याला लागू द्यायचा नाही.

ज्या घराच्या मागच्या पिढ्या ओंजळीनं पाणी प्यायल्या, त्या घरात हे झालं. पुस्तकात शिकवलं नव्हतं कुणी तिला. हात आपोआप वर गेला. सोसलेलं माणूस विसरत नाही, आणि करायची पाळी आली की त्याला शिकवावं लागत नाही.

सिस्टरला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, सोडा ते घर. ती म्हणाली, माहेरी जायचं तर मी सोडायला येते, राहायचं तर भांडी न आपटता राहा. दोन्हीत देव आहे. निवडा. माहेरी बाप थकला होता. पण मी राहिले ते त्याच्यासाठी नाही. मुलीला ते सोडणार नव्हते, आणि मुलीला त्या जिभेपाशी टाकून मी जाणार नव्हते.

शांती म्हणजे राग न येणं असं मला आधी वाटायचं. राग रोज यायचा. चुलीत ओलं जळण असायचं, हापशाचा दांडा हातातून सुटून हनुवटीवर बसायचा, धुतलेल्या कपड्यांवर काजळी, भाकरी कुत्र्याला, तहान लागली तर नणंद जागेवरून उठत नाही. मी पीठ मळताना एकच म्हणायची, देवा, आज माझ्या तोंडाला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याकडं ठेव. कधी संध्याकाळपर्यंत टिकायचं, कधी सकाळच्या चहालाच तुटायचं. तुटलं की दुसऱ्या दिवशी परत. वर्ष गेलं तसं टिकायला लागलं. मी भांडी ठेवायला शिकले. ताट जमिनीवर आवाज न करता टेकवता येतं, हे मला तिशीत कळलं.

सासूला ते सहन झालं नाही. तिला माझं उत्तर लागायचं, जेवणाला मीठ लागतं तसं. "बोलत का न्हाई? मंतर म्हनती का मनातल्या मनात?" म्हणायची. बोलणी वाढली. माझ्या मेलेल्या आजीपर्यंत गेली. मी कपडे झटकायची.

मुलीला मी आजीविरुद्ध एक शब्द शिकवला नाही. शिकवला असता तर तिच्या तोंडात दोन जिभा झाल्या असत्या, एवढंच. बीए म्हणाली तरी मी ओ द्यायची. ती शाळेत जायला लागली, तिथं आईला आई म्हणतात हे तिनं बघितलं असेल, पण घरी आली की आजीचंच. मी वाट बघायची. कशाची ते मला सांगता आलं नसतं.

नणंदेचं लग्न हंगामात ठरलं. पाहुणे दोन दिवस आधीपासून यायला लागले. सासऱ्यांची थोरली बहीण, नवऱ्याची आत्या, आली. तिचं गाव धरणात गेलं होतं, आता वर डोंगराच्या कडेला राहायची. वाळून काटकी झालेली, दात नाहीत, पण कान तिखट. सासरे तिला बघून उभे राहायचे. त्या वस्तीवर त्यांना उभं करणारी तेवढीच.

दोरीवर लग्नाचे पांढरे कपडे वाळत होते. सासऱ्यांचा सदरा, धोतर, पोरींच्या साड्या. दुपारी वारं फिरलं आणि सगळ्यावर काजळी बसली. सासू अंगणात आली, बघितलं आणि पाहुण्यांसमोर सुरू झाली. "घरात वंगाळ पाऊल आलं की असंच व्हतं. येशूला सांग म्हनावं धुवाय." मी एकेक कापड उलटं धरून झटकत होते. ऊन, धूळ, काजळी नाकातोंडात. हात कोपरापर्यंत काळे. घसा सुकला. मुलगी उंबऱ्यावर खेळत होती. तिला म्हटलं, बाळा, थोडं पाणी आण, हात काळे झालेत माझे, तूच पाज.

ती शहाण्यासारखी तांब्या भरून आली. मला वाटलं तोंडाशी धरील. ती पडवीच्या पायरीवर चढली, तांब्या उंच धरला आणि म्हणाली, "वंजळ धर." मी काळ्या हातांची ओंजळ धरली. तिनं वरून ओतलं. निम्मं सांडलं, कोपरावरून ओघळलं. मी प्यायले. तहान लागली होती.

थोरली आत्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात सुपात थांबले. तिनं मुलीला जवळ बोलावलं.

"पोरी, आसं का गं ओतलं?"

"आज्जीनं शिकिवलं. भांडं लागलं का विटाळ व्हतो."

"कुनाचा?"

"हिचा," मुलगी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "बीएचा."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. न्हाणीजवळच्या खिळ्यावरचा पेला तिला तिथून दिसत होता. मग भावाला हाक मारली. सासरे मांडववाल्याशी बोलत होते, आले. सगळे पाहुणे तिथंच होते.

"आपली आई अशी प्यायची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू तिच्या कडेवर व्हतास. तुला आठवत नसंल, मला आठवतंय. देव नदीत सोडलंस ते बेस केलंस. आन हे ठिवलंस व्हय घरात?"

सासू मध्ये पडली. म्हणाली, वन्सं, तुमी पावण्या, पावण्यासारखं ऱ्हावा. म्हातारीनं तिच्याकडे बघितलंही नाही. ती उठली, खिळ्यावरचा पेला काढला, माठात बुडवला, तोच माझा चेपलेला पेला, आणि सगळ्यांच्या समोर घटाघटा प्यायली. हनुवटीवरून पाणी गळत होतं. मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती.

सासरे तिथून निघून गेले. सदऱ्याची काजळी मी झटकली, तो पांढरा निघाला. संध्याकाळी ते आले तेव्हा मी चुलीपाशी होते. मुलगी माझ्या मांडीवर झोपायला आली होती. ते दारात उभे राहिले. म्हणाले, "तुझा येशू मला पटत न्हाई. मरंपरेंत पटनार न्हाई."

मी म्हटलं, बरं.

"पानी दे."

मी उठले, माठातून पाणी घेतलं आणि दिलं. ते उभ्यानं प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी भिंतीतला खिळा नव्हता. लग्न झालं. म्हातारी जाताना माझ्याशी बोलली नाही, देवाबद्दल तिचंही मत भावासारखंच होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. तिनं माझी बाजू घेतलीच नव्हती, तिनं आपल्या आईची घेतली होती. मला तेवढं पुरलं.

सासू बदलली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिनं पुन्हा पेला अडकवला नाही, पण मी दिलेलं पाणी ती आधी भुईवर थोडं सांडायची, मग प्यायची. भाकरी कुत्र्याला जात राहिली. ते कुत्रं मेलं, दुसरं आलं. पुढे तिला अर्धांगवायू झाला, एक बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं. अडीच-तीन वर्षं मी तिचं सगळं केलं. रोज अंग पुसताना ती म्हणायची, "हळू, बीए. पुस्तक न्हाई मी." एकदा तर मला हसू आलं, आणि ती आणखी चिडली. माफी मागितली नाही, मला तिची वाट बघायची सवयही राहिली नव्हती. शेवटच्या आठवड्यात तिनं मला विचारलं, तुझा येशू मेल्यावर कुठं ठेवतो माणसाला? मी सांगितलं, मला माहीत असलेलं. म्हणाली, "तिथं तू असशील तर मला नको." तिच्या शब्दांतलं ते शेवटचं, जे मला ठळक आठवतं. त्या रात्री मी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, रोजच्यासारखंच.

बाप्तिस्मा मी मुलगी मोठ्या शाळेत गेल्यावर घेतला. सासरे आले नाहीत. नवरा आला, मागे उभा राहिला, आणि परत येताना एसटीत म्हणाला की भिजल्यावर थंडी वाजली असेल. त्याच्याकडून तेवढंच. भिंतीवरच्या वंदनेच्या तसबिरी होत्या तिथंच आहेत आणि पौर्णिमेला घरातल्यांचे पांढरे कपडे मीच धुते. प्रमाणपत्र ट्रंकेतून काढून फायलीत ठेवलं. रेशनकार्डाला दुसरी पिशवी शिवली.

मुलगी मला पहिल्यांदा आई म्हणाली ती नणंदेच्या लग्नाच्या गडबडीतच, पाहुणे जायच्या आधी. मी वळले नाही, कारण मला वाटलं ती दुसऱ्या कुणाच्या आईला हाक मारतेय. तिनं परत मारली. मग पाणी मागितलं.

आमच्या घरात माठ तोच आहे. तो रोज मी भरते, आणि ज्याला तहान लागेल त्याला त्यातलं पाणी माझ्या हातानं देते. माझी मुलगी मला आई म्हणते.